पिसे पांढरी, कातडी काळी : सिल्की कोंबडीची गोष्ट



गेल्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीला पंधरा दिवस उरले असताना आमच्या शेजारच्या घरात मुंबईहून एक खोके आले. खोक्याला भोके पाडलेली होती आणि आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. शेजारणीचा धाकटा भाऊ भाचीसाठी पक्षीबाजारातून दोन पिल्ले घेऊन आला होता, एक पांढरे, एक काळे. दोन-अडीच महिन्यांची असतील. दुकानदाराने "जोडी आहे" म्हणून सांगून दिली होती. खोके उघडले आणि घरातल्या आजी दोन पावले मागे सरल्या.

"आगं बया, ह्यो ससा हाय का कोंबडी?"

आजींचा प्रश्न आम्हाला त्या वेळी गमतीचा वाटला. पुढे वाचनात आले, की हॉलंडमधले कोंबड्यांचे व्यापारी दोनेक शतकांपूर्वी हीच कोंबडी "सशाची आणि कोंबडीची संतती" म्हणून भोळ्या गिऱ्हाइकांना विकत असत असे सांगतात. तेव्हा आमच्या आजी एकट्याच फसल्या नाहीत. ही सिल्की कोंबडी. सिल्क म्हणजे रेशीम, म्हणून सिल्की.

तिच्या अंगाला हात लावला की पीस लागत नाही, लव लागते. नेहमीच्या कोंबडीचे एखादे पीस हातात घेऊन पाहावे. मधोमध दांडी, दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक केस, त्या केसांना आणखी बारीक केस आणि त्यांना डोळ्यांना न दिसणारे आकडे असतात. हे आकडे एकमेकांत अडकतात, म्हणून पीस सपाट राहते, वारा कापते आणि पाणी अंगावरून ओघळून जाते. सिल्कीच्या पिसात हे आकडे अडकतच नाहीत. प्रत्येक केस सुटा. त्यामुळे ती पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखी दिसते, पण तिला उडता येत नाही आणि पावसात ती चिंब भिजते. गावरान कोंबडी आंब्याच्या फांदीवर जाऊन बसते, सिल्कीला हातभर उंचीच्या दांडीवर चढणेही जड जाते. खुराड्यात तिची बसायची जागा खाली, जमिनीलगत करावी लागते.

पिसांखेरीज आणखी खुणा आहेत. आपल्याकडच्या कोंबडीला पायाला चार बोटे, हिला पाच. पाचवे बोट मागच्या बोटाच्या वर, हवेत तरंगल्यासारखे. पायावर पिसे. डोक्यावर पिसांचा झुपका, तो कधी कधी इतका वाढतो की बिचारीला समोरचे दिसत नाही आणि डोळ्यांवरची पिसे कात्रीने कापावी लागतात. काहींना हनुवटीखालीही दाढीसारखी पिसे असतात. तुरा आपल्या कोंबड्यासारखा करवतीच्या दात्यांचा नसतो, अक्रोडासारखा गोळा असतो, रंगाने पिकल्या तुतीसारखा. कानाची पाळी निळी-हिरवी. डोळे काळे. आणि या सगळ्याखाली काळी कातडी. ती काळी कातडी आम्हा सर्वांना एका आषाढी दुपारी दिसली.

त्या दुपारी अचानक सर आली. गावरान कोंबड्या पळून वळचणीला गेल्या. पांढरी सिल्की अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि भिजली. भाचीने तिला उचलून आणले तेव्हा पिसे अंगाला चिकटली होती आणि आतली कातडी दिसत होती. निळसर काळी, जांभळाच्या सालीसारखी. आजी बघतच राहिल्या. "वरनं एवढी पांढरीधोप, आन् आतनं काळी ठिक्कर!" त्या म्हणाल्या.

त्या घरातली थोरली लेक तिथेच टॉवेल घेऊन कोंबडीला पुसत होती. ती सावळी आहे. पदवी झाली, डी.एड. झाले, शिकवते, घरचा अर्धा खर्च उचलते. तीन वर्षांत पाहुणे नऊ वेळा येऊन गेले. पसंती पत्रिकेवर, शिक्षणावर, स्वभावावर झाली आणि मुलगी चहा घेऊन बाहेर आली की निरोप थांबला. ती कोंबडी पुसता पुसता हसून म्हणाली, "काका, हिच्यासारखं मला पण वरनं पांढरं असतं तर माझं पण जमलं असतं." आजींनी तोंड फिरवले. आम्ही काही बोललो नाही, कारण आमच्या कपाटात त्या वेळी बौद्ध वधू-वर मेळाव्याचे पाचशे छापील अर्ज पडून होते आणि ते आम्हीच छापून घेतले होते. त्या अर्जात नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची यांच्याखाली एक रकाना होता : वर्ण.

त्या रात्रीपासून आम्ही या कोंबडीची माहिती गोळा करू लागलो. ती इथे मांडतो आहोत.

सिल्की मूळची चीनची. तेराव्या शतकात मार्को पोलो चीनमध्ये फिरला. फुजियानकडच्या भागाचे वर्णन करताना मांजरासारखे केस असलेल्या, काळ्या आणि चांगली अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा उल्लेख त्याच्या वृत्तांतात आहे. युरोपातल्या लोकांना ती थाप वाटली असेल तर नवल नाही. पुढे इटलीतील बोलोन्याचा विद्वान आल्द्रोवांदी याने १६०० साली पक्ष्यांवरच्या आपल्या ग्रंथात लोकर असलेल्या कोंबडीचे चित्र छापले.

आता नावाची गंमत पाहा. युरोपियन माणसाने तिला पिसांवरून नाव दिले, रेशमी कोंबडी. चिनी माणूस तिला 'वू गू जी' म्हणतो. त्याचा अर्थ काळ्या हाडाची कोंबडी. एकाने वरचे पाहिले, दुसऱ्याने आतले. जिआंगशी प्रांतातल्या ताइहे गावची ही कोंबडी चीनमध्ये फार नावाजलेली आहे आणि ती पिसांनी पांढरी असते. पांढऱ्या कोंबडीला लोक काळ्या हाडाची म्हणतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

चीनमध्ये ली शिझेन नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. 'बेन्साओ गांगमू' हा त्यांचा औषधीग्रंथ १५७८ साली लिहून पुरा झाला आणि १५९६ साली छापला गेला. त्यात या कोंबडीची नोंद आहे. पांढऱ्या पिसांची काळ्या हाडाची, काळ्या पिसांची काळ्या हाडाची, ठिपक्यांची काळ्या हाडाची असे प्रकार सांगून ते परीक्षा कशी करावी तेही सांगतात. पिसे बघू नका, कोंबडीची जीभ बघा. जीभ काळी असेल तर मांस आणि हाड दोन्ही काळे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याची ही परीक्षा आम्ही भाचीकडून करून घेतली. तिने पांढरीची चोच हळूच उघडली. जीभ करडी-काळी. मग काळीची उघडली. तीही तशीच. भाची म्हणाली, "दोघी सारख्याच की!"

हा काळेपणा येतो कुठून, त्याचे उत्तर अलीकडे मिळाले. अंड्यात पिल्लू घडत असताना रंग तयार करणाऱ्या पेशी मणक्याच्या बाजूने निघून पिसांपर्यंत जातात. नेहमीच्या कोंबडीत त्या ठरल्या जागी जाऊन थांबतात. सिल्कीत त्या भलत्याच वाढतात आणि कातडी, स्नायूंभोवतीचे पडदे, हाडावरचे आवरण, आतड्याबाहेरचा पडदा अशा सगळीकडे पसरतात. त्यांना वाढवणारे एक जनुक कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावर आहे आणि सिल्कीत गुणसूत्राचा तो तुकडा दुप्पट झालेला आहे, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. रक्त मात्र लालच असते आणि अंडे फिक्या साईच्या रंगाचे. काळ्या कोंबडीचे अंडे काळे आणि रक्त काळे असे बाजारात कुणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो आहे हे ओळखावे.

आपल्या मध्य प्रदेशातला कडकनाथ याच काळेपणाचा वारसदार. झाबुआ-अलिराजपूर भागातले भिल्ल-भिलाला बांधव पिढ्यान् पिढ्या तो पाळत आले. तिकडे त्याला 'कालामासी' म्हणतात आणि २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची पिसे साधी, बोटे चार. सिल्कीशी त्याचे दिसण्यात काही जुळत नाही. पण कडकनाथाच्या जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा गुणसूत्राचा तोच तुकडा तशाच रीतीने दुप्पट झालेला आढळला. इंडोनेशियातली आयाम चेमानी, स्वीडनमधली काळी कोंबडी, व्हिएतनाममधली ह्मोंग लोकांची काळी कोंबडी, सर्वांत तोच. चीनमधली रेशमी आणि झाबुआतली आदिवासी कोंबडी आतून बहिणी निघाल्या.

आता पिसांच्या रंगांकडे येऊ, कारण हौशी लोक पैसे मोजतात ते त्याच्यासाठी. पांढरा, काळा, निळा, शिंतोड्यांचा, सोनेरी, करडा, तित्तिरी असे रंग अमेरिकेतल्या प्रदर्शनांत मान्य आहेत. शिवाय जांभळट राखी, तांबडा, पट्ट्यापट्ट्यांचा असे आणखी कितीतरी रंग लोक पाळतात.

पांढरा रंग सर्वांत प्रसिद्ध. परंतु पांढरा हा रंग नव्हेच, तो पडदा आहे. सिल्कीतला पांढरेपणा अप्रभावी गुण आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही जनुके आली तरच पिसात रंग उतरण्याचे काम बंद पडते. कातडीत मात्र ते काम चालूच राहते. पांढऱ्या कोंबडीच्या अंगी काळा, सोनेरी, तित्तिरी असा कोणताही रंग दडलेला असतो, तो दिसत नाही एवढेच. पांढरी-पांढरीची पिल्ले पांढरी होतात. पण पांढरी दुसऱ्या रंगाच्या कोंबड्याशी लावली की काय बाहेर येईल ते पाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. अस्सल पांढरा टिकवणेही कठीण, उन्हात पिवळसर झाक येते. म्हणून प्रदर्शनवाले पांढऱ्या कोंबड्या सावलीत ठेवतात आणि प्रदर्शनाआधी चक्क साबणाने धुऊन वाळवतात.

निळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पंचशील ध्वजातला किंवा आपल्या झेंड्याचा निळा उभा राहतो. कोंबडीतला निळा तसा नाही. ओल्या दगडी पाटीचा जो रंग असतो तो. हा निळा म्हणजे पातळ केलेला काळा. पातळ करणाऱ्या जनुकाची एक प्रत असली तर काळ्याचा निळा होतो, दोन असल्या तर त्याहून फिका, मळकट पांढऱ्यावर निळ्या शाईचे शिंतोडे उडाल्यासारखा रंग येतो. याचा हिशेब आम्हा कारकुनांना आवडण्याजोगा आहे. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची बारा पिल्ले धरली तर सरासरीने सहा निळी, तीन काळी, तीन शिंतोड्यांची. म्हणजे निळ्याची सगळी पिल्ले निळी कधीच होत नाहीत. सगळी निळी हवी असतील तर काळ्याला शिंतोड्यांची लावावी, मग बाराच्या बारा निळी. निळ्या रंगाचा 'शुद्ध वंश' असा निघतच नाही. तो दोन वेगळ्यांच्या मिलनातूनच येतो. जांभळट राखी रंग दिसायला याच्याच जवळचा, परंतु त्याचे जनुक निराळे आणि अप्रभावी. त्याची सगळी पिल्ले त्याच रंगाची होतात. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन रंग आतल्या हिशेबाने इतके भिन्न असतात.

तित्तिरी रंग आम्हाला सर्वांत आवडला. त्याची पिल्ले खारीसारखी, पाठीवर लांब पट्टे असलेली जन्मतात. मोठेपणी मादी तपकिरी आणि पिसापिसावर बारीक रेघा. पण सिल्कीचे पीस सुटे असल्यामुळे रेघा स्पष्ट राहत नाहीत, ओल्या कागदावरच्या शाईसारख्या पसरतात. सोनेरी रंग उन्हात फिका पडतो. एवढे सांगून रंगांचे पुराण आवरतो.

रंगावरून स्वभाव सांगता येतो का? तर नाही. काळी सिल्की असो की पांढरी, स्वभाव एकच, कमालीचा गरीब. मुलांनी उचलले तरी चोच मारत नाही. दुसऱ्या जातीच्या कोंबड्यांबरोबर ठेवली तर मार खाते, दाण्यापासून मागे सरते. यात धोका आहे. डोक्यावर झुपका असलेल्या काहींची कवटी वर फुगीर असते आणि तिथले हाड पुरते मिळालेले नसते. दांडग्या कोंबडीने तिथे एक चोच मारली तरी जिवावर बेतू शकते. घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, सिल्कीला वेगळे खुराडे द्यावे, मानमोडीची लस वेळेवर टोचावी आणि पावसाळ्यात तिला कोरडे ठेवावे. सहा महिन्यांपर्यंत नर-मादीही नीट ओळखू येत नाही. आमच्या शेजारची 'जोडी' पुढे दोन तलंगा निघाल्या.

अंड्यांच्या हिशेबाने ही कोंबडी परवडत नाही हे स्पष्ट सांगतो. वर्षाला शंभर-सव्वाशे लहान अंडी, कारण ती वारंवार खुडूक होते. पण खुडूकपणा हाच तिचा मोठा गुण. ती रवणात बसली की हलत नाही. बदकाची, लावरीची, तित्तिराची, कुणाचीही अंडी खाली ठेवा, उबवते. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला अठ्ठावीस, ही जादा सात दिवसही बसते. निघालेले पिल्लू कोणत्या रंगाचे, कोणत्या जातीचे हे न पाहता पंखाखाली घेते. म्हणून जगभर इतर पक्ष्यांची पिल्ले काढण्यासाठी सिल्की ठेवतात. कोंबडीने अंडी उबवणे हा दृष्टान्त आपल्या धम्मवाङ्मयातही आहे. विनयपिटकात वेरंजा येथील प्रसंगी भगवंतांनी अविद्येचे कवच प्रथम फोडून बाहेर आलेल्या पिल्लाची उपमा स्वतःला दिली आहे.

आणि मग हौशी मंडळींचे ग्रंथ. अमेरिकेतल्या कुक्कुट संघटनेने प्रत्येक जातीचे आदर्श वर्णन छापायला घेतले आणि १८७४ सालीच सिल्कीला त्यात स्थान मिळाले. कातडी पिवळी नको, बोटे पाचच हवीत, तुरा लालभडक नको, असे नियम ठरले. पण तीच कोंबडी अमेरिकेत बुटक्या जातीत धरतात, नर साधारण एक किलोचा, आणि ब्रिटनमध्ये मोठ्या कोंबड्यांत, नर पावणेदोन किलोच्या पुढे. समुद्र ओलांडला की वर्ग बदलतो. कोंबडीला यातले काही ठाऊक नाही. वर्ग माणसाने पाडले आणि माणसानेच बक्षिसाचे फीत लावले.

केंब्रिजचे बेटसन आणि पनेट या दोघा शास्त्रज्ञांनी १९११ साली सिल्कीच्या काळ्या कातडीवर एक निबंध प्रसिद्ध केला. सिल्की कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी यांची पिल्ले त्यांनी पाहिली, तर माद्या गडद काळ्या कातडीच्या आणि नर उजळ. कारण काळेपणा दाबणारे एक जनुक लेगहॉर्न आईकडे असते आणि पक्ष्यांत आई ते फक्त मुलग्यांनाच देऊ शकते. हे वाचून आम्ही शेजारी गेलो आणि थोरल्या लेकीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे कोंबड्यांत पण पोरीच काळ्या?" आणि या वेळी खरोखर हसली. आम्ही तिला म्हणालो, बाई, तिथे कुणी बघायला येत नाही.

इथे काळ्या कोंबडीवरून दोन गोष्टी बोलायलाच हव्यात. आपल्या खेड्यापाड्यांत आजही काळी कोंबडी म्हटले की उतारा, देवऋषी, भानामती हे आठवते. ज्या घरी बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे त्या घरीही आजारी पोरावरून काळी कोंबडी ओवाळून टाकलेली आम्ही पाहिली आहे. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्या आईबापांची ही मुले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, पण कायदा उंबऱ्याच्या आत यायला वेळ लागतो. काळेपणा म्हणजे वीस नंबरच्या गुणसूत्राचा दुप्पट झालेला तुकडा, एवढेच पोरांना समजावून सांगा.

दुसरी गोष्ट औषधाची. चीनमध्ये बाळंतिणीला या कोंबडीचे सूप देतात. तिच्या मांसात कार्नोसिन नावाचा घटक पांढऱ्या मांसापेक्षा जास्त आढळतो हे खरे. पण यावरून काळे मांस म्हणजे सर्व रोगांवर इलाज असे सांगून भाव चढवणारे आपल्याकडे कमी नाहीत. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या नावाखाली हजारो शेतकरी फसल्याची प्रकरणे पोलिसांत गेली, त्यात आपलेही बांधव होते. बाळंतिणीला अंगणवाडीतल्या लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, डाळ आणि जमेल तेव्हा साधी गावरान कोंबडी पुरेशी आहे. हत्या आणि गरज यांतला फरक 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी समजावला आहे, तेव्हा खाण्याबद्दल आम्ही कुणाला उपदेश करत नाही. शेजारच्या भाचीने मात्र आपल्या दोघींना पातेल्याजवळ फिरकूही दिलेले नाही.

आता त्या रकान्याकडे येतो. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने यावर वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत वाद झाला आणि ते भगवंतांकडे गेले. भगवंतांनी त्यांना गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांच्या जन्मजात खुणा दाखवल्या आणि माणसांत तशी जन्माची खूण नाही असे समजावले. केसांत नाही, डोळ्यांत नाही, आवाजात नाही, आणि तिथे वर्ण हा शब्द स्पष्ट आलेला आहे. आम्ही हे सुत्त विहारात दहा वेळा ऐकले आहे. १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात जात म्हणजे वंशभेद नव्हे हे बाबासाहेबांनी पुराव्यानिशी मांडले, तेही आम्ही पाठ सांगू शकतो. आणि तरी आमच्याच हाताने छापलेल्या अर्जात, उंचीच्या खाली, वर्ण. लोक त्यात गोरा, गव्हाळ, निमगोरा, सावळा असे लिहीत. काळा असे आजवर एकानेही लिहिले नाही. अनेकांनी तो रकाना कोराच ठेवला आणि तेवढ्यावरून समोरचे समजायचे ते समजले. आपल्या साप्ताहिकांच्या वधू-वर सूचक पानांवरही 'गोरी, सुशिक्षित' हे दोन शब्द याच क्रमाने येतात, हे संपादकांची क्षमा मागून लिहितो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या बैठकीत आम्ही तो रकाना काढायचा प्रस्ताव मांडला. वाटले होते एका मिनिटात मंजूर होईल. दीड तास लागला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "साहेब, फोटो तर लावतातच, मग रकान्याचं काय मोठं?" एका मुलाच्या वडिलांनी सांगितले, की रकाना काढला तर चौकश्या वाढतील. महिला मंडळाच्या एका ताई उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, मुलाच्या अर्जातला वर्ण आजवर कुणी वाचला का?" यावर कुणी बोलेना. ठराव मंजूर झाला. पाचशे अर्ज मात्र छापून पडले होते, ते टाकून देणे खजिनदारांना पटेना. शेवटी आम्ही, शेजारची थोरली लेक आणि तिची भाची अशा तिघांनी तीन संध्याकाळी बसून पट्टी ठेवून प्रत्येक अर्जावरचा तो रकाना काळ्या शाईने खोडला. तिचे लग्न अजून जमलेले नाही. मेळाव्यात ती नावनोंदणीच्या टेबलावर बसली होती.

जानेवारीत पांढरी सिल्की खुडूक झाली. तिची अंडी फळलेली होती ती वस्तीतल्या तांबड्या गावरान कोंबड्यापासून. आजींनी टोपल्यात भुसा घालून तिची सात अंडी तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी पाच फुटली. पांढरे एकही नाही. दोन काळपट, तीन तपकिरी, सगळ्यांची पिसे पुढे साधीच आली, रेशमी कुणाचीच नाहीत. डोक्यावर छोटा झुपका मात्र आहे आणि पायाला पाच बोटे. आजी रोज सकाळी एकेक पिल्लू तळहातावर घेतात, चोच उघडून जीभ बघतात आणि आतल्या खोलीकडे तोंड करून थोरल्या लेकीला सांगतात कोणाची किती काळी झाली ते.